सुसरबाई, तुझी पाठ मऊ

जून उजाडला की आमच्या घरातल्या सगळ्यांच्या जिभा जांभळ्या होतात. एकमेकांना जीभ काढून दाखवणं एरवी आमच्याकडे खपत नाही, पण त्या पंधरवड्यात खपतं. जांभळं येतात माझ्या एका वर्गमित्राकडून. सांगलीपासून अर्ध्या तासावर कृष्णेच्या काठाला त्याचं शेत आहे, बांधावर त्याच्या आज्याच्या वेळचं जांभळाचं झाड आहे, झाडाखाली नदी आहे आणि नदीत मगरी आहेत. हे मी गोष्टीला शोभावं म्हणून सांगत नाही. आमच्या भागात हिवाळ्यात मगर काठावर ऊन खात पडलेली दिसते. माणसं तिला तिच्या जागी पडू देतात आणि आपण धुणं घेऊन दुसऱ्या घाटावर जातात. म्हणजे झाड आहे, पाणी आहे, जांभळं टाकणारा मित्र आहे. गोष्टीत एकच जागा रिकामी होती. ती मी कशी भरली ते पुढे येईलच.

माकड आणि मगरीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आम्हाला ती चौथीत बाईंनी सांगितली तेव्हा पहिली अडचण आली ती व्याकरणाची. मराठीत मगर ‘ती’, सुसरही ‘ती’. ती मगर रोज जांभळं खायची, ती मगर घरी गेली, आणि तिला तिची बायको म्हणाली... एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, मगरीला बायको कशी?” बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “संस्कृतात मकर पुल्लिंगी आहे. खाली बस.” माझ्या आयुष्यात संस्कृत असं ऐन वेळी उपयोगी पडलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

पंचतंत्रात ही गोष्ट चौथ्या तंत्रात आहे. त्या तंत्राचं नाव लब्धप्रणाश, म्हणजे हाताशी आलेलं घालवणं. माकडाचं नाव रक्तमुख आणि मगरीचं, सॉरी, मकराचं नाव करालमुख. विक्राळ तोंडाचा. आता ज्याच्या नावातच इतकी ठळक पाटी लावलेली आहे, त्याला रक्तमुखानं पाहुणा म्हणून बसवून घ्यावं, हे जरा जास्तच झालं. पण देणाऱ्या माणसाला पाटी वाचायची सवय नसते. दारात कोणीतरी आलंय आणि घरात काहीतरी आहे, एवढंच त्याला दिसतं.

मगर जांभळं खाईल का, ही शंका हुशार मुलं हमखास काढतात. खाईल. २०१३ साली प्राणिशास्त्रज्ञांनी मगर-सुसरींच्या अठरा जातींच्या आहाराच्या नोंदी चाळल्या, तेव्हा त्यांतल्या तेरा जाती फळंही खातात असं निघालं. केरळात कासरगोडजवळच्या अनंतपुरा मंदिराच्या तळ्यात बबिया नावाची मगर होती, ती २०२२ साली गेली. ती नैवेद्याच्या भातावर जगते म्हणून लोक लांबून बघायला यायचे. तेव्हा जांभळांपर्यंत शास्त्राची काही हरकत नाही. हरकत सुरू होते ती जांभळांच्या पुढे.

करालमुख रोज खाऊन उरलेली जांभळं घरी न्यायचा. बायकोनं ती खाल्ली आणि तिच्या डोक्यात एक गणित आलं. जो रोज इतकी गोड फळं खातो, त्याचं काळीज किती गोड असेल! लहानपणी हे मला राक्षसी वाटलं होतं. आता साठीच्या अलीकडे येऊन ठेपल्यावर ते मला अगदी घरगुती वाटतं. कोणी दिलं की घेणाऱ्याच्या मनात पहिला विचार ‘किती चांगला माणूस’ हा येतो, आणि दुसरा, चूळ भरून होण्याच्या आत, ‘ह्याच्याकडे एकूण असेल तरी किती?’ खाल्ल्या घरचे वासे मोजणं ही म्हण कृतघ्न माणसाबद्दल आहे असं शाळेत लिहून घेतलं होतं. मला तर तो माणूस बांधकामाचा अंदाज काढणारा वाटतो. जेवण उत्तम आहे, म्हणजे घर मजबूत असणार. बघू या आढ्याला किती वासे आहेत ते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू आहेत. त्यांच्या कुंडीत कढीपत्ता फोफावला. त्यांनी आपण होऊन सगळ्यांना सांगितलं, लागला तर घेऊन जा. पहिल्या आठवड्यात लोक दार वाजवून दोन डहाळ्या न्यायचे आणि वाटीभर काहीतरी द्यायचे. दुसऱ्या महिन्यात दार वाजायचं बंद झालं. तिसऱ्या महिन्यात एक बाई त्यांना म्हणाल्या, “काकू, हल्ली पानं जरा बारीक येतात हो. खत घालत नाही का?” आणि दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी कुंडीच नव्हती. काकूंनी कोणावरही आळ घेतला नाही. फक्त त्या दिवशी आमच्या जिन्यात फोडणीचा वास तिसऱ्या मजल्यावरून जरा जास्त येत होता, असं त्या म्हणाल्या.

मागणारा कधीही स्वतःच्या नावानं मागत नाही, हा या गोष्टीतला सगळ्यात बारीक नक्षीचा भाग आहे. करालमुख रक्तमुखाला काय म्हणाला? बायको रागावलीय, रोज ज्याचं खाता त्याला एकदाही घरी बोलावत नाही म्हणून. सगळं बायकोच्या नावावर. पंचतंत्रात ती बायको आहे, तिला तोंडही आहे, नवऱ्याचा मित्र म्हणजे माकड नसून माकडीण असणार असा संशयही तिनं रीतसर घेतला आहे. पण रक्तमुखाच्या बाजूनं बघा. त्याला ती कधीच दिसलेली नाही. त्याच्या कानावर आलंय ते फक्त ‘बायको म्हणते’. महाराष्ट्रात या दोन शब्दांवर किती जमिनी विकल्या गेल्या, किती उसने पैसे मागितले गेले आणि किती लग्नांची आमंत्रणं टाळली गेली, याची मोजदाद कोणी केलेली नाही. मी स्वतः ‘बायको म्हणते’ हे वाक्य महिन्यातून चारदा तरी वापरतो. त्यातलं एखादंच तिनं म्हटलेलं असतं.

आता जरा लांबून. ही गोष्ट आपल्याकडून पेहलवीत गेली, आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं ती अरबीत नेली, ‘कलीला व दिम्ना’ या ग्रंथात. तिथे मगरीचं कासव झालं आणि जांभळांची अंजिरं झाली. माकड म्हातारं, पदच्युत झालेला राजा. अंजिराच्या झाडावर बसलेलं असताना त्याच्या हातून एक अंजीर पाण्यात पडलं. डुबुक. म्हाताऱ्याला तो आवाज आवडला. त्यानं दुसरं टाकलं. डुबुक. तिसरं टाकलं. खाली कासव होतं, त्याला वाटलं, हा देवमाणूस माझ्यासाठीच टाकतोय. म्हणजे ह्या जगप्रसिद्ध मैत्रीचा पाया एका गैरसमजावर आहे. देणाऱ्याला आवाज हवा होता आणि घेणाऱ्याला अंजीर. माझ्या मते पंचतंत्रातल्या माकडापेक्षा हे माकड खरं आहे. माझा मित्रही जांभळं देतो ती बहुधा माझ्यासाठी देत नाही. बुट्टी हातात दिल्यावर माझ्या तोंडून जे “अरे वा!” निघतं ना, ते त्याचं डुबुक असावं.

तर पाण्याच्या मधोमध आल्यावर करालमुखानं खरं सांगून टाकलं. का सांगितलं? गप्प राहिला असता तर काम फत्ते होतं. पण त्यानं पाठीवरच्या मित्राला सांगितलं, बायकोला तुझं काळीज हवंय, देवाचं नाव घे. यात मला क्रूरपणापेक्षा संकोच जास्त दिसतो. सभ्य घरातला लोभी माणूस असाच असतो. त्याला तुमचं सगळं हवं असतं, शिवाय तुम्ही ते राजीखुशीनं दिलं असंही हवं असतं. नाहीतर त्याला रात्री झोप लागत नाही.

इथे आपल्या मराठीनं एक म्हण करून ठेवली आहे. सुसरबाई, तुझी पाठ मऊ. सुसरीची पाठ कशी असते ते ज्यानं पाहिलंय त्याला कळेल की जगात इतकं सरळ सरळ खोटं दुसरं नाही. खरबरीत, खवल्यांची, मधे करवतीसारखी रांग. पण एकदा त्या पाठीवर बसलं आणि चहूकडे पाणी दिसलं की ती मऊच म्हणावी लागते. हाताखाली नोकरी केलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. साहेबांच्या कविता ऐकताना आम्ही सगळे त्याच पाठीवर बसलेलो असायचो.

रक्तमुख तर याच्याही पुढे गेला. त्याच्या उत्तराचा आशय एवढाच, की अरे, आधी नाही का सांगायचं, काळीज तर मी जांभळीच्या ढोलीत ठेवून आलो. बौद्ध जातककथेत हेच काळीज उंबराला टांगलेलं असतं. झाड कुठलंही असो, ‘आधी नाही का सांगायचं’ हा उद्गार मात्र भारतीय उपखंडातला नकार देण्याचा सर्वात सुसंस्कृत प्रकार आहे. आपल्याकडे ‘नाही’ हा शब्द तोंडावर कोणी म्हणत नाही. अरे, आधी नाही का सांगायचं, कालच पैसे एफडीत टाकले. आधी नाही का सांगायचं, गाडी आजच मेव्हणा घेऊन गेला. चेकबुक घरी राहिलं, चावी हिच्याकडे आहे, शिडी होती पण ती वरच्या मजल्यावर आहे. दोन हजार वर्षांत काळजाची जागा तेवढी बदलली.

ही युक्ती कोरियात तर राजकारणात वापरली गेली. ६४२ साली सिल्ला राज्याचा किम चुन-चू मदत मागायला शेजारच्या गोगुर्यो राज्यात गेला. तिथल्या राजानं मदत बाजूला ठेवली, उलट जमीन मागितली, आणि हा नाही म्हणाला तेव्हा त्याला डांबून ठेवलं. किमनं दरबारातल्या एका माणसाला कापडाची भेट पाठवली. त्या माणसानं येऊन त्याला काय सांगितलं, तर एक गोष्ट. समुद्राच्या राजाच्या मुलीला दुखणं, औषधाला सशाचं यकृत हवं, कासव सशाला पाठीवर घेऊन निघतं, आणि ससा मधेच म्हणतो, यकृत धुऊन खडकाखाली ठेवलंय, परत चल. किमच्या डोक्यात प्रकाश पडला. घरी गेलो की आमच्या राजाला सांगून जमीन मिळवून देतो, असं त्यानं लिहून दिलं, सुटला, आणि पुढे सिल्लाचा राजाही झाला. जमीन अर्थातच दिली नाही. कापडाचे एवढे पैसे वसूल झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता माझं.

जांभळं पहिल्या वर्षी आली तेव्हा मी खरोखर नुसता खुश होतो. मीठ लावून, घसा धरेपर्यंत खाल्ली. दुसऱ्या वर्षी आमच्या डॉक्टरांनी साखरेचे आकडे दाखवले आणि कोणीतरी जांभळाच्या बियांची पूड सुचवली. मी मित्राला फोन केला, “बिया टाकत जाऊ नकोस, बायको म्हणते पूड करू.” त्यानं बिया वाळवून, कुटून, डब्यात घालून पाठवल्या. तिसऱ्या वर्षी हिरड्या दुखत होत्या, सालीचा काढा चांगला म्हणतात. त्यानं साल पाठवली. मग व्हॉट्सअॅपवर एक निरोप फिरत आला, हात जोडलेल्या खुणांसकट: पाण्याच्या टाकीत जांभळाचं लाकूड टाका, शेवाळ धरत नाही. आमच्या गच्चीवरच्या टाकीत तेव्हा इतकं शेवाळ होतं की त्यात बेडूक सोडले असते तर त्यांनी भाडं दिलं असतं. आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी.

आयर्विन पुलावर कृष्णेच्या पाण्याची पातळी मोजतात. इशारा चाळीस फुटांना, धोका पंचेचाळीसला. २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा सांगलीतल्या शेंबड्या पोरालाही हे आकडे पाठ झाले. माझ्या मागण्यांना कोणी अशी पट्टी रंगवून ठेवली असती, तर साल मागितली तेव्हाच भोंगा वाजायला हवा होता.

मी मित्राला जेवायला बोलावलं. “वहिनीनं बोलावलंय, इतकी वर्षं तुझं खातोय.” हे वाक्य तोंडातून जाताना मला कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं, पण लक्ष दिलं नाही. त्याला आणायला मी स्वतः गाडी घेऊन गेलो. डिकीत करवत होती. येताना आयर्विन पुलाच्या मध्यावर गाडी अडकली, पुढे ट्रॅक्टर बंद पडला होता. खाली कृष्णा. काच खाली करून मी विषय काढला.

“एक फांदी हवी होती रे. जरा जाडसर.”

“किती जाड?”

“तशी बुंध्याजवळची असेल तर बरं. आतला गाभा टिकतो म्हणे. सोसायटीचे लोक म्हणतात...”

तो पाण्याकडे बघत बसला. मग एकदम माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाला, “आरं, आधी न्हाई का सांगायचं मर्दा! झाड माझ्या एकट्याचं कुठाय? बांध थोरल्या चुलत्याच्या नावावर हाय. त्याची परवानगी पायजे. वळव गाडी, आत्ताच इचारून टाकू.”

मी गाडी वळवली. आनंदानं वळवली. शेताशी त्याला उतरवलं. “हितंच थांब, चुलतं जरा तापट हायत,” म्हणून तो वस्तीकडे गेला. मी अर्धा तास थांबलो. पाऊण तास थांबलो. शेंगा भाजल्याचा वास यायला लागला. आणि मग मला आठवलं, थोरले चुलते वारून सात वर्षं झाली. त्यांच्या तेराव्याला मी स्वतः दोन वेळा बुंदी घेतली होती.

मी एकटाच घरी आलो. बायकोनं चारजणांचा स्वयंपाक करून ठेवला होता, आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

आता पंचतंत्राचा तो भाग, जो शाळेत गाळतात. माकड झाडावर चढलं की आपल्या बाई पुस्तक मिटायच्या. मुळात तिथे गोष्ट अर्धीही झालेली नाही. करालमुख झाडाखालीच उभा राहतो आणि म्हणतो, मी थट्टा करत होतो, चल घरी. रक्तमुख खाली येत नाही, पण गोष्टी सांगायला लागतो. गंगदत्त नावाच्या बेडकाची, ज्यानं भाऊबंदांचा काटा काढायला सापाला विहिरीत आणलं आणि सापानं त्याचंही घर खाल्लं. धोब्याच्या लंबकर्ण गाढवाची, जे सिंहाच्या तावडीतून एकदा सुटून पुन्हा तिथेच गेलं. हे गाढव पुढे आफ्रिकेत पोचलं; १८७० साली छापलेल्या स्वाहिली कथांत माकड आहे, मगरीच्या जागी शार्क आहे, आणि धोब्याचं गाढव जसंच्या तसं. तर गोष्टी चालू असताना निरोप येतो, करालमुखाची बायको उपासानं मेली. थोड्या वेळानं दुसरा निरोप, त्याच्या घरात दुसरा मोठा मकर घुसून बसलाय. आणि करालमुख काय करतो? मान वर करून, ज्याचं काळीज काढायला निघाला होता त्यालाच विचारतो, मित्रा, आता मी काय करू?

मला हा प्रसंग सगळ्या पंचतंत्रात अव्वल वाटतो. निर्लज्जपणाचा एवढा भाबडा नमुना आणखी कुठे नाही. आणि रक्तमुख आधी भरपूर झापतो, तुझ्यासारख्याला सल्ला कशाला देऊ म्हणतो, आणि मग देतो. लढ म्हणतो. करालमुख लढतो आणि घर परत मिळवतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या इमारतीत नवे भाडेकरू आले आणि त्यांनी माझ्या पार्किंगमध्ये आपली भलीमोठी गाडी लावली. सांगितलं, तर हसले. लिहून दिलं, तर कागदावर चहाचा कप ठेवला. माझा मित्र गावच्या तंटामुक्ती समितीत होता. बांधाची भांडणं मिटवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. मी दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी लावला.

त्यानं अर्धा तास मला घेतलं. त्यात दोन बैलांची एक गोष्ट होती, एका विहिरीची होती, आणि चुलत्यांचं नाव एकदाही आलं नाही. शेवटी म्हणाला, “भांडू नगंस. रोज सकाळी सातला जाऊन त्याच्या दारात पेपर वाचत बस. आठवड्यात गाडी काढंल.” पाचव्या दिवशी काढली.

मी आभार मानायला फोन केला. तो म्हणाला, “जांभळं पिकल्यात. पाठवून देतो.”

“अरे, कशाला, मीच येतो की गाडी घेऊन.”

“नको, नको,” तो घाईनं म्हणाला. “येष्टीनं पाठवतो. तू येऊ नगंस.”

दुसऱ्या दिवशी स्टँडवरून बुट्टी आणली. जांभळं काढता काढता तळाशी पाल्याखाली वीतभर वाळकी फांदी लागली, बोटाएवढी जाड, दोन्ही टोकं नीट कापलेली. मी ती गच्चीवर नेऊन टाकीत टाकली. शेवाळ धरायचं ते धरलंच.